माणशी अर्धा एकर

आणीबाणी उठली, येरवड्याची दारे उघडली, तेव्हाच्या सभा आमच्या पिढीला अजून पाठ आहेत. त्यावर पुष्कळ लिहून झाले. त्यानंतरच्या समाजधोरणावर कारखानदारांचा हात किती फिरला, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही.

1977 च्या अर्थसंकल्पात जनता सरकारने ग्रामविकासावर खर्च करणाऱ्या कंपन्यांना प्राप्तिकरात सवलत दिली. गावे दत्तक घेतली गेली, फलक लागले. 1983 मध्ये सवलतीला कात्री लागली आणि मी पाहिलेल्या गावांत तरी मागे फलकच उरले. त्याच काळातल्या रोजगार हमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. पागे यांची कल्पना, शहरी पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, 26 जानेवारी 1979 पासून कायद्याचा अंमल.

मला थांबायचे आहे ते विलासराव साळुंखे यांच्यापाशी. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे बनवणारा हा इंजिनिअर-कारखानदार 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात शिरला तो कायमचा. नायगावला देवस्थानची 40 एकर पड जमीन त्यांनी कराराने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी मुरवले. 1974 मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान उभे राहिले आणि पुढे पाणी पंचायत. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांचा. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क.

विलासरावांना ‘दानशूर उद्योजक’ म्हणून मोकळे होणाऱ्या अभ्यासकांशी माझे जुने भांडण आहे. दान करणारे पुण्यात तेव्हाही होते. मालमत्तेपासून पाणी सोडवण्याचे धाडस एका कारखानदाराने केले, आणि ते साऱ्या सिंचन धोरणाला आव्हान होते. शासनाने पाणीवापर संस्था उचलल्या, पण त्यांच्यासाठीच्या 2005 च्या कायद्यात सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाचेच राहिले. भूमिहीन बांधाबाहेरच थांबला. विलासराव 2002 मध्येच गेले होते.

2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे आले. पैसा कधी नव्हता इतका आहे. पण तो कुठे खर्चायचा हे ठरवणाऱ्या बैठकांत मी बसलो आहे. किती शेततळी, किती लाभार्थी, फोटो कधी, इथवरच बोलणे येते. पाणी कुणाच्या मालकीचे, हे विचारले की विषय बदलतो. याचे मला मनापासून दुःख होते.

पाणी पंचायतीच्या त्या काळातल्या एका उन्हाळ्यात मी नायगावच्या बाजूला गेलो होतो. पाटकरी पाळ्या वाचत होता. एका बाईचे नाव आले. तिच्या नावावर सातबारा नव्हता, पाणी होते. वाट्याने केलेल्या रानात ती खुरपे घेऊन उभी होती. नाव ऐकताच वाकली आणि बारे फोडले.