गिरणगांवांतील खाणावळी आणि नवीं उपाहारगृहें

मुंबईच्या लोअर परळ भागांत आज जो मनुष्य जेवावयास जातो, त्याला तेथें पूर्वीं कोण जेवीत असे याची कल्पना सहसा नसते. ज्या कुंपणाच्या आंत आतां एका माणसाच्या जेवणाला हजार-दोन हजार रुपये सहज पडतात, त्याच कुंपणाच्या आंत एके काळीं सूत निघत होतें. आणि तें काढणारा कामगार शेजारच्या चाळींतील खाणावळींत महिन्याच्या बोलीनें जेवीत होता. हा पालट लोकांची आवड बदलल्यामुळें झाला, असें पुष्कळांना वाटतें. आवड बदलली हें खरेंच आहे. परंतु एखादें दुकान चालावयाचें कीं बंद पडावयाचें, हें बहुतेक वेळां जागेच्या किंमतीवर ठरतें. आणि याचें गिरणगांवाइतकें स्पष्ट उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेव येथें १८५६ सालीं चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यांत गिरण्यांची दाटी झाली व कोंकणांतून आणि घाटावरून माणसें कामाला येऊं लागलीं. यांतील पुष्कळांचीं बायकामुलें गांवींच राहत. चाळींतल्या एका खोलींत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनें निजत. त्यांना चूल मांडावयास ना जागा होती, ना वेळ. त्यांच्या पोटाची सोय खाणावळवालीनें केली. ही बाई बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. ती आपल्याच खोलींत स्वयंपाक करी, पाळी पाहून पंगत मांडी, व कोणाला डबा लागला तर तो गिरणींत पोंचता करी.

या धंद्याला भांडवल जवळजवळ नव्हतें, आणि तरीहि तो चाले, याचें कारण उधारी. कामगार महिनाभर जेवी व पगार झाला म्हणजे पैसे देई. तोंपर्यंत बाईला वाणी धान्य उधार देई. वाण्यानें हात आखडला, तर सावकाराकडे दागिना गहाण पडे. म्हणजे महिनाभर शंभर जणांचें पोट एका बाईच्या पतीवर भरत असे, आणि त्या पतीचें व्याज तीच भरी. कामगाराच्या जेवणाचा हा खर्च गिरणीच्या हिशेबांत कोठेंच दिसत नसे. या बायकांना व्याजाच्या फेऱ्यांतून सोडविण्यासाठीं १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. बँकेनें खाणावळवालीला तारणावांचून कर्ज द्यावें ही कल्पना त्या वेळीं धाडसाचीच होती. पण कर्जें मिळालीं आणि तीं फिटलींहि.

१८ जानेवारी १९८२ या दिवशीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतला गेला असें कधीं झालेंच नाहीं. उधारीच्या सांखळीची पहिलीच कडी, म्हणजे पगार, तुटली. पुष्कळ बायकांनीं संपकऱ्यांना तशाहि स्थितींत जेवूं घातलें. पण वाण्याला किती दिवस थांबविणार? माणसें गांवीं परतलीं, कांहींनीं रस्त्यावर वडापावची गाडी लावली, आणि एकेक करून खाणावळींच्या चुली विझल्या. संपानंतर कांहीं गिरण्या पुन्हां चालूं झाल्या, परंतु जुनी पंगत पुन्हां बसली नाहीं.

मागें उरली ती जमीन. मुंबईच्या मध्यावर सुमारें ६०० एकर जागा गिरण्यांच्या कुंपणांत अडकली होती. १९९१ च्या विकासनियमांनीं ती मोकळी होण्याची वाट दाखविली. ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग महानगरपालिकेला मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सरकारी गृहनिर्माण मंडळाला, व उरलेला मालकाला, अशी ती वांटणी होती. २००१ सालीं नियम बदलला आणि वांटणी फक्त मुळांतच रिकाम्या असलेल्या जमिनीची करावी असें ठरलें. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यांतून सुटली. गिरणीच्या आवारांत रिकामी जमीन ती किती असणार? सार्वजनिक वांटा अर्थातच फार लहान झाला. उच्च न्यायालयानें २००५ सालीं याला हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं नवा नियम कायम केला.

तोंपर्यंत फिनिक्स गिरणीच्या आवारांत दुकानें थाटलीं गेलीं होतीं. तिची चिमणी शोभेसाठीं राखून भोंवतीं मॉल उभा राहिला. कमला, मथुरादास वगैरे गिरण्यांच्या शेडींत कचेऱ्या आणि उपाहारगृहें आलीं. या नव्या दुकानांचा हिशेब खाणावळीच्या अगदीं उलट असतो. मॉलमधील दुकानदार सामान्यतः ठराविक किमान भाडें देतो, किंवा विक्रीतील ठराविक हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तें. यामुळें टेबल रिकामें राहणें परवडत नाहीं, आणि एकाच गिऱ्हाइकानें तें फार वेळ अडविणेंहि परवडत नाहीं. पदार्थांचे भाव आणि मद्याची विक्री यांवर सारा भार पडतो. अशीं उपाहारगृहें थाटानें उघडतात व दोन-तीन वर्षांत पाटी बदलते, याचें नवल मानण्याचें कारण नाहीं.

इराण्याचें हॉटेल याच शहरांत शंभर वर्षें टिकूं शकलें, तें याच कारणानें. संगमरवरी टेबलावर एक कप चहा आणि ब्रुनमस्का मागवून तासभर वर्तमानपत्र वाचण्याची जी चैन मुंबईकराला मिळाली, तिचा खर्च पुष्कळ अंशीं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें उचलला होता. भाडें १९४० च्या पातळीच्या आसपास गोठलें होतें. म्हणून गिऱ्हाइकाला उठवावें लागत नसे. घरमालकाला मात्र इमारतीची डागडुजी परवडेनाशी झाली, हेंहि नमूद केलें पाहिजे. १९९९ च्या कायद्यानें, जो मार्च २००० अखेर अमलांत आला, बँका आणि एक कोटीहून कमी नाहीं इतकें भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना हें संरक्षण नाकारलें. लहान दुकानदाराचें संरक्षण राहिलें. पण इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, किंवा पुढच्या पिढीला गल्ल्यावर बसण्याची हौस उरली नाहीं, कीं तेंहि फारसें कामाला येत नाहीं.

महाग जागेचा एकेक फूट वापरण्याचा मोह कोठवर जातो, हें २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर दिसलें. कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली व १४ माणसें मृत्यूमुखीं पडलीं. दुसऱ्याच दिवसापासून महानगरपालिकेनें शहरभर उपाहारगृहांचीं अनधिकृत बांधकामें पाडावयास घेतलीं. तीं इतके दिवस कोणाच्या नजरेस पडलीं नव्हतीं, असें मानणें अवघड आहे.

या उपाहारगृहांत वाढणारे, भांडीं घासणारे आणि दारावर पहारा करणारे लोक तेथें जेवूं शकत नाहींत. दुपारीं आवाराबाहेरच्या पदपथावर पोळीभाजी, डोसा व वडापाव यांच्या गाड्यांपाशीं त्यांची गर्दी असते. वरच्या मजल्यांवरील कचेऱ्यांतले कारकूनहि त्याच गर्दींत उभे असतात. महानगरपालिकेची गाडी येतांना दिसली, कीं सामान उचलून विक्रेते गल्लींत शिरतात आणि गिऱ्हाइकें हातांतील बशी घेऊन तीं परत येण्याची वाट पाहतात.