प्रयोगशाळेतून मंत्रिमंडळात

जर्मनीच्या अँगेला मर्केल लाइपझिगला पदार्थविज्ञान शिकल्या. १९८६ मध्ये डॉक्टरेट मिळवून पुढे राजकारणात आल्या. १९९५ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराची पहिली परिषद बर्लिनला भरली, तेव्हा पर्यावरणमंत्री या नात्याने त्या अध्यक्षस्थानी होत्या. १९९७ च्या क्योटो कराराची वाट तेथूनच निघाली.

२००५ ते २०२१ त्या चॅन्सेलर होत्या. फुकुशिमाच्या अपघातानंतर, २०११ मध्ये, त्यांनी अणुवीज केंद्रे २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. कोळशाला मात्र २०२० च्या कायद्याने २०३८ पर्यंत मुदत मिळाली. कोळसा जळताना कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. अणुभट्टीतून तो निघत नाही, पण तिचा किरणोत्सारी कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. मग आधी काय बंद करावे? वर्गात वाद जरूर घाला. मात्र आकडे मांडून!