बाबा लूमवर, मामा गोडाऊनला

भिवंडीत धामणकर नाक्यावरून पद्मानगरकडे निघालं की तेलुगू कानावर पडू लागते. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबं इथे कित्येक वर्षांपासून राहत आहेत. शहराच्या जुन्या वस्तीत मोमीन विणकरांची उर्दू आणि कोकणी मुसलमानांची कोकणी बोलली जाते. उत्तर प्रदेश-बिहारहून माग चालवायला आलेल्यांची भोजपुरी सगळीकडेच ऐकू येते, आणि भोवतालच्या गावांत आगरी मराठी. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. एवढ्या वस्तीची मुलं मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू माध्यमांच्या शाळांत वाटली गेली आहेत. मात्र माध्यम कुठलंही असलं तरी पहिलीच्या वर्गात एक विषय सगळ्यांना सारखाच असतो, तो म्हणजे इंग्रजी.

पूर्वी असं नव्हतं. महाराष्ट्रात इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ती पहिलीपासून सक्तीची झाली. तेव्हा त्यावर बराच वाद झाला. सहा वर्षांच्या मुलाला परकी भाषा कशाला, असं विचारणारे होते, आणि इंग्रजी फक्त पैसेवाल्यांच्या मुलांनाच का मिळावी, असं विचारणारेही होते. वाद मागे पडला आणि शिक्षकांपुढे रोजचं काम उरलं. सुरुवात कुठून करायची?

बहुतेक शिक्षक सुरुवात घरापासून करतात, आणि ते बरोबरच आहे. आई, बाबा, बहीण, शेजारची मैत्रीण यांच्याबद्दल मुलाकडे सांगण्यासारखं आधीच भरपूर असतं. इंग्रजीत स्वतःचं काही सांगण्याची ही त्याची पहिलीच संधी. घात होतो तो पाठांतराने. ‘माय फादर इज अ डॉक्टर. ही इज व्हेरी काइंड,’ अशा दहा ओळी गाइडमधून फळ्यावर येतात, फळ्यावरून वहीत जातात आणि परीक्षेत चाळीस मुलांचे चाळीस वडील डॉक्टर होतात. लिहिणाऱ्याचे बाबा रात्रपाळी करून नुकतेच घरी येऊन झोपलेले असतात आणि वहीत त्यांचा पत्ताच नसतो.

भिवंडीच्या मुलाला दवाखान्यातून वडील उसने आणायची गरजच नाही. त्याच्या घरात इंग्रजी शब्द कधीचे रुळले आहेत: लूम, बीम, बॉबिन, शिफ्ट, जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर, हे त्याला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असतं. शहराबाहेर गोदामांची मोठी वसाहत उभी राहिल्यापासून गोडाऊन, लोडिंग, पार्सल, डिलिव्हरी हे शब्दही घरात आले. ‘माय फादर वर्क्स ऑन अ लूम. माय अंकल इज अ जॉबर. माय ब्रदर वर्क्स इन अ गोडाऊन.’ या तीन वाक्यांतले कामाचे शब्द मुलाचे स्वतःचे आहेत. शिक्षकाने फक्त वाक्याची घडण द्यायची. असं वाक्य मूल विसरत नाही, कारण ते खरं असतं. शिवाय बापाचं काम वर्गात मोठ्याने सांगण्याजोगं आहे, हेही त्याला तिथेच कळतं.

मग व्याकरण आडवं येतं. मुलं करतात त्या चुका मात्र सहसा अडाणीपणाच्या नसतात, आणि हे शिक्षकाने ओळखायला हवं. मराठी मूल म्हणतं ‘आई आली’, पण ‘बाबा आले’. त्यामुळे ‘माय मदर इज’ बरोबर येतं आणि पुढच्याच ओळीत ‘माय फादर आर’ होतं. मुलाने वडिलांना मान दिलेला असतो. उर्दू बोलणारं मूल अब्बूंबद्दल आणि तेलुगू बोलणारं मूल नान्नांबद्दल हेच करतं. इंग्रजीत मान क्रियापदातून दाखवत नाहीत, एवढं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं की काम होतं.

दुसरी अडचण भावंडांची. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे मराठीत, हिंदी-उर्दूत आणि तेलुगूत ‘असणे’ या क्रियापदाने सांगतात. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ ही रचना तिघांनाही नवी आहे. ती नियम सांगून बसत नाही. पन्नास वेळा कानावर पडली की बसते. ‘ही’ आणि ‘शी’ यांचा घोटाळा मात्र उर्दू-हिंदी मुलांचा जास्त होतो, कारण त्यांचं ‘वो’ दोघांनाही चालतं. एकाच शहरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, एकच धडा वेगवेगळ्या ठिकाणी अडखळतो.

‘वर्क’ला शेवटी लागणारा ‘स’ सगळेच विसरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९७३ साली पुस्तक लिहिलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्या मुलांनाही हा ‘स’ बराच उशिरा येतो, असं त्यात दिसलं. पद्मानगरच्या सात वर्षांच्या मुलीच्या वहीत त्यासाठी लाल रेघा ओढणं अन्यायाचं आहे.

नात्यांचीही गंमत आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व असे नात्यांच्या व्यवस्थेचे पट्टे मांडून दाखवले. भिवंडीच्या शाळांत त्यातले निदान तीन पट्टे एका हाकेच्या अंतरात सापडतील. तेलुगू मुलाला थोरल्या आणि धाकट्या भावासाठी वेगळे शब्द लागतात. मराठी मुलीची आत्या, मावशी, मामी, काकू आणि तिच्या मैत्रिणीची खाला, फुफी, मुमानी, चाची या सगळ्या इंग्रजीत एकाच शब्दात मावतात. मुलांना हे पटत नाही, ती हिरिरीने हरकत घेतात, आणि ही हरकत धड्यासाठी सोन्यासारखी आहे. ‘शी इज माय मदर्स सिस्टर’ हे वाक्य मुलं तेव्हा गरजेपोटी शिकतात.

गरजेपोटी शिकणं हीच भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांची दिशा होती. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत त्यांनी एक प्रयोग केला. तो पुढे ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभर अभ्यासला गेला. मुलांचं लक्ष भाषेवर नव्हे, तर एखादी गोष्ट शोधून काढण्यावर ठेवा, भाषा त्या ओघात येते, हा त्यांचा विचार. मित्रमैत्रिणींचं वर्णन शिकवताना तो सहज वापरता येतो. एक मूल वर्गातल्या कुणाचं तरी नाव मनात धरतं आणि बाकीची ‘इज इट अ गर्ल?’, ‘डज शी प्ले कबड्डी?’ असे प्रश्न विचारत तिला शोधतात. पाठांतराला इथे जागाच उरत नाही. एक पथ्य मात्र पाळावं. जाडी, उंची, रंग यांवरून ओळख सांगायची नाही. ती काय खेळते, काय खाते, कुणाला मदत करते, हे सांगायचं.

पथ्यं आणखीही आहेत. इथल्या कितीतरी घरांत बाबा भिवंडीत आणि आई गावी असते, किंवा मूल आजीपाशी वाढतं. कुणाचे वडील हयात नसतात. ‘आई, बाबा आणि मी’ असं चौकटीतलं चित्र काढायला सांगितलं की अशी मुलं गप्प होतात. ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ आणि ‘तुला कोण आवडतं?’ एवढंच विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर असतं. ‘माय मदर लिव्ह्ज इन अवर व्हिलेज’ हे वाक्य डॉक्टर वडिलांपेक्षा शंभरपटीने मोलाचं आहे.

हे सगळं एकट्या शिक्षकाच्या अंगावर टाकून चालणार नाही. मुलांच्या वाचन-गणिताची चाचपणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम एक चतुर्थांश मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. खुद्द शिक्षकांपैकी अनेकजण पाचवीपासून इंग्रजी शिकलेले आहेत आणि बोलताना कचरतात. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्‌स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पाने यावर एक चांगला उपाय काढला होता. जवळपासच्या शाळांतल्या प्राथमिक शिक्षकांचे गट करायचे, त्यांनी ठरावीक दिवशी भेटायचं, एकमेकांसमोर इंग्रजी बोलायचं आणि वर्गात काय चाललं, काय फसलं, ते सांगायचं. भिवंडीत अशा गटात मराठी, उर्दू आणि तेलुगू शाळांचे शिक्षक एकत्र बसले, तर ‘फादर आर’ कुठून येतं आणि ‘ही-शी’ कुठे अडतं, हे एका दुपारी फळ्यावर मांडता येईल. बसायला धामणकर नाक्याजवळची एखादी शाळा सगळ्यांनाच सोयीची पडेल.