अंगठा, सही आणि सहा आकडे

तलाठ्याच्या दप्तरात शाईच्या गादीवर अंगठा टेकवणे ज्या पिढीला अप्रतिष्ठेचे वाटले, आणि म्हणून जिने रात्रीच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात आपल्या नावाची अक्षरे गिरवली, त्या पिढीच्या लेकीसुना आज महा-ई-सेवा केंद्रात, सही उत्तम येत असतानाही, यंत्रावर पुन्हा अंगठाच टेकवतात. आणि मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी समोरच्या तरुणाला मोठ्याने वाचून दाखवताना, ती आपल्या खात्याची किल्ली आहे, हे त्यांच्यापैकी अनेकींना कोणी कधी समजावून सांगितलेले नसते. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा या परावलंबनाचे दर्शन गावोगावच्या केंद्रांवर घडले.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण महाराष्ट्रात ६१.५ टक्के आढळले, स्त्रियांचे ३८ टक्के, आणि खेड्यांतील स्त्रियांचे तर २४ टक्क्यांच्या आतच राहिले. पुढे मोबाइल पुष्कळ पसरला हे खरे. परंतु घरात मोबाइल असणे आणि तो घरधनिणीच्या हाती असणे यांतील अंतर मोजल्यावाचून प्रशिक्षणाचा कोणताही हिशेब पुरा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. धाकट्याचा अभ्यास आणि थोरल्याची करमणूक उरकल्यावर जो मोबाइल रात्री तिच्या वाट्याला येतो, त्यावर ती काय आणि किती गिरवणार?

साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम या संदर्भात आठवते. १९५९ मध्ये सुरू झालेली ही मोहीम पुढे राज्यभर पसरली. गावातील शिक्षकांनी आणि शिकल्यासवरलेल्या तरुणांनी प्रौढांना अक्षरओळख करून द्यावी आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची उदात्त रीत होती. परंतु समारंभानंतर ज्यांच्या हाती पुस्तक आले नाही, ज्यांच्यावर चार ओळी लिहिण्याचा प्रसंग आला नाही, त्यांची कष्टाने कमावलेली अक्षरे पुसट होत गेली.

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला, १४ ते ६० या वयोगटात, २० तासांचे शिक्षण देण्याचा संकल्प केला, आणि मार्च २०२४ मध्ये मुदत संपेपर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांना शिकवले. एवढ्या विस्ताराचे कार्य आदरास पात्रच आहे. तरीही विसाव्या तासानंतर एकविसावा तास कोठे घ्यावयाचा, हा प्रश्न उरतो. तरुणांची अडचण थोडी निराळी: बोटे सराईत आहेत, पण नोकरीचा अर्ज नीट लिहून ईमेलने पाठवणे, तक्त्यात बेरीज मांडणे हे त्यांतील कित्येकांना कोणी शिकवलेले नाही.

ग्रामीण स्त्रियांच्या ग्रहणशक्तीविषयी शंका घेणाऱ्यांनी त्याच सातारा जिल्ह्यातील म्हसवडकडे पाहावे. माणदेशी महिला सहकारी बँकेसाठी प्रथम केलेला अर्ज, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणाने, रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला. तेव्हा बँकेच्या संस्थापिका चेतना सिन्हा यांच्यासमवेत त्या स्त्रिया अधिकाऱ्यांपुढे गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची त्यांनी तयारी दर्शवली, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ज्यांना आकडा कळतो त्यांना पडदा कळण्यास फार काळ लागत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचे ठिकाण मला बचत गटाची बैठक हेच योग्य वाटते, कारण ती महिन्याच्या महिन्याला भरतेच, आणि तेथे चुकण्याची लाज वाटत नाही. तेथे प्रत्येकीने स्वतःच्या शेताची ई-पीक पाहणी करावी, स्वतःचा सातबारा उतरवून घ्यावा, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला यूपीआयने एक रुपया पाठवावा, आणि तिच्याकडून तो परत घ्यावा; म्हणजे पैसे पाठवताना पिन द्यावा लागतो, घेताना लागत नाही, हे तिला आपल्याच हाताने उमगेल, आणि उद्या कोणी ‘तुमचे पैसे आले आहेत, तेवढा पिन टाका’ असे फोनवरून सांगू लागला, तर तो फोन ती स्वतः ठेवून देईल.