यंत्राच्या मुठीतला डबा

अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहरात १९६९ मध्ये ‘गॉडझिला’ नावाचा कचऱ्याचा ट्रक रस्त्यावर आला. चाळीस अंशांच्या उन्हात डबे उपसत ट्रकमागे पळायची गरज उरली नाही. चालक केबिनमध्ये बसूनच यांत्रिक हाताने डबा उचलू लागला. आज अमेरिकेच्या उपनगरांत असे ट्रक सर्रास दिसतात. आपल्या घंटागाडीवरचा माणूस फुटकी बादलीही कुरकुरत का होईना, रिकामी करून देतो. यंत्राकडे तेवढी माया नाही. तिथे डबा हा ट्रकचाच सुटा भाग समजायचा.

म्हणून दुकानातला चकचकीत पत्र्याचा डबा तिथे कुचकामी. यांत्रिक हाताचा पंजा दोन्ही बाजूंनी आवळतो आणि पत्रा एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. प्लास्टिक दबतं, पुन्हा फुगतं. पण कुठलंही प्लास्टिक चालत नाही. खुर्च्या-बादल्यांसाठी वापरतात ते साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. त्याच्या रेणूंच्या साखळीला बाजूने मिथिल गटांचे फाटे असतात, त्यामुळे थंडीत तिची हालचाल लवकर थिजते. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची साखळी जवळजवळ सरळसोट; ती शून्याच्या बरीच खाली गेली तरी वळते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पंजाचा दणका सोसायचा तर हेच हवं. उन्हातली अतिनील किरणं मात्र याही साखळ्या तोडतात, म्हणून त्यात काजळी किंवा दुसरं संरक्षक द्रव्य मिसळलेलं आहे ना, हे विचारून घ्यावं.

आकाराचंही तसंच. डबा खाली निमुळता असतो. पंजातून तो खाली घसरू लागलाच तर वरचा जाड काठ अडकतो. हा काठ लेचापेचा असेल तर अख्खा डबाच ट्रकच्या पोटात जातो, आणि असं होतंही! नेहमीचा मोठा डबा ९६ गॅलनचा, म्हणजे सुमारे ३६३ लिटरचा.

झाकणाला स्प्रिंग किंवा कडी नको. डबा उलटला की ते स्वतःच्या वजनाने उघडलं पाहिजे. त्यासाठी चाकं आणि बिजागरी घराकडे करून डबा ठेवायचा, आणि दोन डब्यांत हातभर तरी जागा सोडायची. डबा उलट्या दिशेने ठेवला तर बिजागरी मोडू शकते.

एवढ्या अटी रहिवाशांना समजावत बसण्यापेक्षा अनेक शहरं डबा स्वतःच देतात. त्यावर अनुक्रमांक असतो, आणि घर बदललं तरी डबा जुन्या घरापाशीच ठेवून जावं लागतं.