उद्याच्या कामांची यादी आज रात्रीच करा



तोडणी हंगाम सुरू झाला की आमच्या गट कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब, दिवसभर उसंत नाही, पण काम काही उरकत नाही." यात आळस नसतो, शेतकरी पहाटेपासून राबतच असतो. पण पाण्याची पाळी, तोडणीची टोळी, सोसायटीचे काम, घरचे लग्नकार्य हे सारे डोक्यातच असते. मग जे काम समोर येऊन उभे राहते तेच आधी होते, आणि मुदतीचे काम मागे पडते.

खोडव्याचेच पाहा. ऊस तुटल्यापासून पंधरा दिवसांत बुडखे जमिनीलगत छाटायचे, त्यांवर बुरशीनाशक फवारायचे. पाचट न जाळता सरीत बसवून त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकायचे. पहारीने खताचा पहिला हप्ता द्यायचा; दुसरा १३५ दिवसांनी. हे बहुतेकांना पाठ आहे. तरी पंधरवडा निघून जातो, छाटणी राहते, वरचे डोळे फुटून कोंब कमजोर येतात, आणि पुढे वजनात मार बसतो. माहिती असते, पण वेळेवर आठवण राहत नाही.

जाणत्या माणसाचेही असे होते. १९३५ साली अमेरिकेत एक नवे मोठे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक अनुभवी होता, पण उड्डाणापूर्वी सुकाणूची खीळ काढायची राहून गेली. त्यानंतर वैमानिकांसाठी कामांची लेखी यादी तयार झाली. ती समोर धरूनच विमान उडवायचे असा रिवाज पडला.

लिहिण्याची सवय आपल्याला नवी नाही. पेशवाईतल्या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपून ठेवलेल्या आहेत. मात्र रोजकीर्दीत झालेल्या व्यवहाराची नोंद असते. आपल्याला उद्या करायचे काम लिहायचे आहे.

पद्धत सोपी आहे.

१) साधी वही घ्या. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांना विचारून उद्याची कामे लिहा. पाच-सहा पुरेत; वीस लिहिली तर एकही धड होत नाही.

२) मुदतीचे काम सर्वांत वर लिहा. ऊस तुटला त्याच दिवशी वहीत पंधराव्या आणि १३५ व्या दिवसाची तारीख टाका.

३) "खोडव्याचे बघणे" असे मोघम लिहू नका. "खालच्या तुकड्यात बुडखे छाटणे, दोन मजूर, सकाळी" असे लिहा. वीज रात्रीची असेल तर दारे कोण धरणार त्याचे नावही लिहा.

४) झालेल्या कामावर रेघ मारा. राहिलेले दुसऱ्या दिवशी उतरवा. एकच काम तीनदा उतरवावे लागले तर अडचण मजुराची, पैशाची की खताची, ते शोधा आणि गट कार्यालयाला कळवा.

पुण्याच्या खेपेलाही यादी कामी येते. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मातीचा नमुना द्यायचा, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हिशेब करायचा, शिवाजीनगरला साखर संकुलात चौकशी करायची. सोलापूर रस्त्याने येणाऱ्याला मांजरी आधी लागते. म्हणून कामे वाटेच्या क्रमाने लिहा. प्रत्येक कामासमोर काय न्यायचे तेही लिहा : सातबारा, गट नंबर घातलेली मातीची पिशवी, पासबुक. एक कागद घरी राहिला तर खेप फुकट जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते.

पाऊस येतो, मोटार जळते, टोळी येत नाही. मग यादी कोलमडते. कोलमडू द्या. त्या रात्री पुन्हा लिहा. घरचा कर्ता माणूस आजारी पडला, तर तीच वही पाहून बाकीचे काम चालवू शकतात, हा फायदा लहान नाही.

यंदा निदान खोडव्याच्या पहिल्या पंधरा दिवसांपुरती वही ठेवून पाहावी, ही विनंती. कळावे.

ऊस विकास अधिकारी