सांगोलेकरांनो, चालायला चंद्रभागेवर चला!

आपली माण वर्षातले कितीतरी महिने कोरडी. ती पुढे ज्या भीमेला मिळते, तिच्या, म्हणजेच चंद्रभागेच्या, काठाने चालायचं तर पंढरपूर तीसेक किलोमीटरवर. मिरज-कुर्डुवाडी मार्गावरची रेल्वेही जाते.

महाद्वार घाटावरून उतरा. नदी गावाच्या पूर्वेला असल्यानं सकाळचं ऊन थेट घाटाच्या पायऱ्यांवर येतं, म्हणून पहाटेच निघा. समोर वाळवंटात पुंडलिकाचं मंदिर. तिथून दक्षिणेला विष्णुपदाकडे वळा. चढ नाही, आजी-आजोबाही रमतगमत येतील. फक्त वाळूत बूट जड होतात, चपला हातात घेतलेल्या बऱ्या! मार्गशीर्षात विठोबा विष्णुपदावर मुक्कामाला असतो अशी श्रद्धा, त्यामुळे त्या महिन्यात गर्दी असते. पुढे गोपाळपूर, तिथं जनाबाईचं जातं दाखवतात.

पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा. उजनीतून भीमेत आणि वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी नीरा-नरसिंहपूरला एकत्र होऊन इथं येतं. पंढरपुरात ऊन असलं तरी वाळवंट पाण्याखाली जाऊ शकतं. आषाढी-कार्तिकीला निवांत चालणं विसराच. माझ्या मते थंडीतला साधा मंगळवार-बुधवार उत्तम, एकादशी टाळून.